खुंटीखालचा फोम

धक्क्यावर कुणाचाही फ्रिज बिघडला की हाक जायची ती बर्फकाकांना. एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात गार हवेची यंत्रं सांभाळलेला माणूस. खरं नाव आता फक्त कागदोपत्री उरलं होतं, धक्क्यावर लहानथोर सगळे त्यांना बर्फकाकाच म्हणत. निवृत्तीनंतर घरात बसून करमेना. त्याच सुमारास मुलानं आणि सुनेनं एक जुनी शिडाची बोट घेतली आणि काकांच्या हातांना पुन्हा काम मिळालं. बोट सुनेपेक्षा सहा वर्षांनी मोठी. "घरात मोठ्या जाऊबाई आल्यात, आधी त्यांचं दुखणंखुपणं बघा, माझं मग," असं सून तेव्हा हसत म्हणाली होती.

मुलगा वर्षातले आठ महिने मालवाहू जहाजावर असायचा. त्यामुळं बोट खरी दोघांचीच, सासऱ्यांची आणि सुनेची. सून शाळेत गणित शिकवायची. सुट्टीच्या दिवसांत मुलांना शिडाची बोट चालवायला शिकवायचं, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. त्यासाठी परवाना लागत होता आणि परवान्याच्या अर्जाला धक्क्याच्या व्यवस्थापक बाईंचं पत्र लागत होतं. ही बाई बोट नीट सोडते, नीट बांधते, हिच्या हाती मुलं द्यायला हरकत नाही, एवढंच त्यात लिहायचं असे. पण ते पत्र बाई डोळे झाकून कुणालाच देत नसत.

जाऊबाईंचं पहिलं दुखणं होतं फ्रिज. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी, बोटीच्या डाव्या कुशीत बसवलेली, वरून झाकण उघडायची खोल पेटी. तिच्या बुडातलं पाणी एका नळीनं सरळ बोटीच्या तळात जायचं. दूध सांडलं, मासळीचं पाणी गळलं, की सगळं तळात, आणि मग आठ दिवस नाकाला पदर. काकांनी ती नळी काढली. नवी नळी टाकली, तिला मधे एक वळसा दिला, म्हणजे त्या वळशात पाणी साचून राहतं आणि गार हवा खाली पळून जात नाही. पुढं एक छोटा हातपंप जोडला, चार वेळा दांडी हलवली की पेटीतलं पाणी भांडी धुवायच्या मोरीत. मग पेटीच्या चारी बाजूंनी आणि वर डेकपर्यंत त्यांनी फोम भरला. कोपरान् कोपरा, फटन् फट. असा भरला की मुंगीला शिरायला जागा राहिली नाही. शेजारच्या बोटीचे दातांचे डॉक्टर पेटीत हात घालून म्हणाले, "काका, यात माणूस ठेवला तरी टिकेल." काकांनी वर पाहिलं नाही, पण दिवसभर ते वाक्य त्यांच्या तोंडात खडीसाखरेसारखं विरघळत राहिलं.

आणि तिथंच घोळ झाला.

त्या पेटीच्या बरोबर वर, डेकवर, बोट बांधायची खुंटी होती. दोन शिंगांची, स्टीलची, हातभर लांब. चार बोल्ट डेकमधून आरपार खाली जात, खाली एक लाकडी फळी आणि फळीला नट. बोटीचा सगळा ओढा त्या फळीवर. फोम भरताना ती फळी आणि ते नट आत गडप झाले. नट आधी आवळून घ्यावेत, फळी तपासावी, हे काकांच्या मनातही आलं नाही. थंडावा कुठून निसटतो हे त्यांना डोळे मिटून कळायचं. बोट कशाच्या जोरावर उभी राहते हे ते कधी शिकलेच नव्हते, आणि शिकायला हवं असं कुणी म्हटलंही नव्हतं.

दोनेक महिन्यांनी सून म्हणाली, "बाबा, मागची डावी खुंटी हलतेय बघा. थोडीशीच. पण हलतेय."

काकांनी पेचकस लावून बघितला. बोल्ट फिरत होते आणि खाली नटही त्यांच्यासोबत फिरत होते. नट धरायचे तर फोम फोडायला हवा. पंधरा दिवस गुडघ्यांवर बसून भरलेला, तासून गुळगुळीत केलेला, डॉक्टरांनी वाखाणलेला फोम. काका पटाशी घेऊन पेटीपुढं अर्धा तास बसले. पटाशी टेकवली, काढली. पुन्हा टेकवली. हात काही उठेना.

शेवटी त्यांनी वरूनच काम उरकलं. खुंटी थोडी उचकटून खालून करवतीचं पातं सरकवलं, चारी बोल्ट कापले, राहिलेले तुकडे ठोकून फोममध्ये ढकलून दिले. भोकांत लाकडाच्या खुट्ट्या मारल्या, चिकटवण भरली आणि त्यात चार स्क्रू पिळले. वरून बघणाऱ्याला काय कळणार? डोकी तीच, चमक तीच. खुंटी हलायची थांबली.

"झालं?" सुनेनं शाळेतून आल्यावर विचारलं.

"झालं. खालची फळी बदलली, नट आवळले," काका म्हणाले.

इतकं सहज म्हणाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस. कारखान्यात एकदा वायूगळतीची नोंद लपवा म्हणून साहेबानं सांगितलं तेव्हा नोकरी पणाला लावून नाही म्हणालेला. तोच आता एका फोमपायी खोटं बोलला आणि वर चहा मागून प्यायला.

मग पेटीत पाणी यायला लागलं. ओंजळभर, कधी दोन ओंजळी. सुनेनं सांगितलं, तर काका म्हणाले, "झाकण नीट दाबत नसशील तू. बाहेरची दमट हवा आत जाते, तिचं पाणी होतं."

"दाबते मी. दोनदा दाबते. आणि बाबा, डेक धुतला की त्याच दिवशी पाणी असतं. मी लिहून ठेवलंय."

"गणितातलं तू बघ, फ्रिजमधलं मी बघतो," काका म्हणाले. सून हसली. त्यानंतर ती झाकण तीनदा दाबू लागली.

त्या सोमवारी दुपारी वारा एकाएकी फिरला. सून शाळेत होती, सकाळी तिनंच बोट फिरवून आणून बांधली होती. काका पंपाची जाळी साफ करायला म्हणून धक्क्याकडं चालले होते, तेवढ्यात लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ डॉक्टरांची हाक. काका धावले. बोटीची मागची बाजू सुटली होती. पुढच्या दोराभोवती वळून ती डॉक्टरांच्या बोटीला धडका देत होती. डॉक्टर आपल्या वाकलेल्या कठड्याशी पाय रोवून पाठीनं ती दूर रेटत होते.

काकांनी उडी मारून डेक गाठला, पाण्यात लोंबणारा मागचा दोर ओढला. दोर जड लागला. टोक वर आलं, तर टोकाला खुंटी. चारी स्क्रू खाली दात काढल्यासारखे, त्यांना लाकडाच्या खुट्ट्या चिकटलेल्या. आणि खुंटीवर सुनेनं घातलेला वेढा जसाच्या तसा. आठाच्या आकड्यासारखा, एकावर एक नीट बसलेला, शेवटचा फास आत वळवलेला. पाण्यात धडका खाऊनसुद्धा तसूभर सरकला नव्हता.

डॉक्टरांची पाठ होती. काकांनी बोटांनी वेढे सोडवले. ओले, घट्ट झालेले, सुटता सुटेनात. नखं लावून सोडवले. खुंटी कोटाच्या आत घातली, दोर शिडाचे दोर ओढायच्या चक्रीला गुंडाळून बोट ओढून घेतली, आणि अंगातला कोट काढून डेकवरच्या चार भोकांवर टाकला.

"गाठ सुटली वाटतं?" डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

"तसंच दिसतंय," काका म्हणाले.

दोन शब्द. त्या दोन शब्दांना किती वजन असतं ते काकांना तेव्हा कळलं नाही. डॉक्टर कठड्याचं सांगायला बाईंच्या ऑफिसात गेले, तेवढ्या वेळात काकांनी जाड आणि लांब स्क्रू मारून खुंटी पुन्हा जागेवर बसवली. सून आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. ती काठावर उभी राहून खुंटीकडं बघत राहिली.

"मी बांधलं होतं, बाबा. शेवटचा फाससुद्धा आत घातला होता. मला आठवतंय."

काका दोर गुंडाळत होते. ते गुंडाळतच राहिले.

"की फक्त वाटतंय मला तसं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि डॉक्टरांची माफी मागायला गेली.

डॉक्टर मनानं वाईट नव्हते, पण जिभेला हाड नव्हतं. मंगळवारी चहाच्या टपरीवर त्यांनी सोडून दिलं, "गणिताच्या बाई आहेत, पण आठाचा आकडा काही जमेना." टपरीवरचे सगळे हसले. बर्फकाका तिथंच होते. हसू त्यांच्याही तोंडावर आलं, आपोआप, चारचौघांत येतं तसं. मग कपातला चहा त्यांना पिववेना. कप ठेवून ते उठले आणि धक्क्याच्या टोकापर्यंत उगाचच चालत गेले. आपण हसलो. आपल्या सुनेला हसलो, आपल्याच पापावर हसलो. पाण्यात बघवेना म्हणून ते वर बघत उभे राहिले, तर वरही बघवेना.

बाईंनी सुनेला ऑफिसात बोलावून सांगितलं, "पत्राचं यंदा राहू दे. पुढच्या वर्षी बघू. सुटलेल्या बोटीवर मुलं असती तर?" सून हो म्हणाली. वाद घातला नाही. तोच तिचा स्वभाव काकांना आता काट्यासारखा टोचू लागला.

घरी आल्यावर तिनं खुर्चीच्या दांडीला दोर बांधायला सुरुवात केली. बांधायचा, ओढायचा, सोडायचा. वह्या तपासून झाल्या की पुन्हा. स्वयंपाकघरातून तिच्या सासूबाई, म्हणजे काकू, म्हणाल्या, "पोरी, जेवून घे. खुर्ची कुठं पळून जात नाही."

"दहा वेळा झालं की येते, आई."

काका आणि काकू रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावून घटकाभर गप्प बसत. लग्नापासूनचा नेम, कधी चुकलेला नाही. त्या आठवड्यात काका बसायचे, पण त्यांची नजर दिव्यावर ठरत नसे. काकूंचे ओठ हलताना दिसायचे आणि पलीकडून खुर्चीची दांडी करकरायची. आपण इथं कुणासमोर बसलोय, आणि कुठलं तोंड घेऊन? बुधवारी डोळे उघडून काकू एवढंच म्हणाल्या, "तिचं बोट सोललंय. दोरानं." आणि वात सारून उठल्या. विचारलं काहीच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बोटीवर त्यांनी गुपचूप मागून दुसरा दोर चक्रीला लावला. जाड स्क्रूंवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. सुनेनं तो दुसरा दोर बघितला आणि तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, बाबांना आता माझ्या गाठीचा भरवसा नाही.

गुरुवारी ती दोर घेऊन त्यांच्यापुढं आली. "बाबा, तुम्ही बघा ना जरा. मी बांधते, तुम्ही सांगा कुठं चुकतंय."

तिनं खुर्चीला वेढा घातला. एक, मग तिरका, मग दुसरा तिरका, मग फास. सोललेल्या बोटाला फडकं गुंडाळलेलं. सगळं बरोबर होतं. त्यापेक्षा बरोबर काही असूच शकत नव्हतं. ती मान वर करून बघत होती, वर्गातली मुलं तिच्याकडं बघत असतील तशी.

"इथं," काका म्हणाले, "इथं आणखी एक वेढा दे."

"हो का. बरं झालं सांगितलंत." तिनं तो फुकटचा वेढा दिला. चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. चूक सापडली होती ना तिला.

काका उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात कितीतरी वेळ उभे राहिले. खोटं बोलणं एक. पण बरोबर केलेलं काम चुकीचं आहे म्हणून शिकवणं, हे आपण आयुष्यात कुणाला केलं नव्हतं. कारखान्यात शत्रूलाही नाही.

शनिवारी सून एक कागद घेऊन आली. "बाबा, धक्क्याच्या मॅडमनी लेखी मागितलंय, त्यांच्या नोंदीला. मी लिहिलंय. त्या वेळी तिथं हजर होते त्यांचीही सही लागते. डॉक्टरांनी केलीय, इथं तुमची."

काकांनी चष्मा लावला. तिचं अक्षर फळ्यावरच्यासारखं सरळ. 'माझ्या निष्काळजीपणामुळे गाठ सुटली. नुकसानीची जबाबदारी माझी आहे.' खाली तिची सही, डॉक्टरांची सही आणि एक रिकामी रेघ.

पेन त्यांच्या बोटांत होतं. रेघेवर टेकलंही. टेकलं तिथं शाईचा एक ठिपका वाढत गेला.

"बाबा?"

"ही सही मला होणार नाही."

"का?"

"खोटं आहे ते." त्यांचा आवाज त्यांना परका वाटला. "चल बोटीवर. मॅडमनाही बोलव. डॉक्टर असतील तर त्यांनाही. सगळ्यांसमोर एकदाच होऊ दे, पुन्हा पुन्हा सांगायची माझ्यात ताकद नाही."

बोटीवर चौघं जमले. काकांनी कुणाकडं न बघता खुंटीचे स्क्रू काढले आणि डेकवर ओळीनं ठेवले. चार लांब, आणि खिशातून काढलेले चार जुने आखूड. मग खाली उतरले, फ्रिज रिकामा केला, पेटीच्या वरच्या बाजूला पटाशी लावली. या वेळी हात उठला. फोमचे तुकडे पडत गेले, गुळगुळीत तासलेले, पांढरेशुभ्र, आणि पुढं पुढं पिवळट, मग ओले. शेवटी फळी दिसली. काळी, भिजलेली, बोटानं दाबली तर पावासारखी दबणारी. तिच्यातून कापलेल्या बोल्टचे तुकडे एकेक करून पेटीत पडले.

"फळी मी बदलली नव्हती," काका म्हणाले. ते अजून पेटीतच वाकलेले होते. "फोम फोडायचा जीव झाला नाही. बोल्ट कापले, वरून स्क्रू मारले आणि हिला सांगितलं नट आवळले. सोमवारी खुंटीच उपटून आली. गाठ तिच्यावर जशीच्या तशी होती. ती मी सोडली. डॉक्टर, तुमची पाठ होती तेव्हा."

पाण्यात बोट थोडी हलली, तुकडे पेटीत घरंगळले.

"आणि गुरुवारी?" सुनेनं विचारलं.

"गाठ बरोबर होती."

"बरोबर होती," ती हळू म्हणाली. "मी त्या खुर्चीला तुमच्या डोळ्यांदेखत गाठी मारत होते, बाबा. रोज."

"हो."

एवढंच. माफी मागावी असं खूप वाटलं, पण माफी मागणं म्हणजे तिच्याकडून आणखी काहीतरी मागणंच झालं असतं.

डॉक्टर सुनेकडं वळले. "बाई, ते आठाच्या आकड्याचं मी जे... टपरीवर..."

"ऐकलं होतं मी," सून म्हणाली. डॉक्टर आपल्या वाकलेल्या कठड्याकडं बघू लागले.

व्यवस्थापक बाईंनी सुनेच्या हातातला तो कागद घेतला, दोनदा घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. "पत्र आजच देते. दुपारी येऊन घेऊन जा," त्या सुनेला म्हणाल्या. मग काकांकडं वळल्या. "काका, वयानं मोठे आहात म्हणून कमी बोलते. यापुढं या धक्क्यावर कुठल्याही बोटीचं काम तुम्ही एकट्यानं करायचं नाही. फ्रिजचंसुद्धा. सोबत कुणीतरी बघणारं हवं."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

टपरीवर ही गोष्ट त्यांच्या आधी पोचली. रविवारी ते गेले तेव्हा बाकावरचे लोक जरा जास्तच आपुलकीनं सरकले आणि कुणी फ्रिजचं नाव काढलं नाही. घरी काकूंना त्यांनी आदल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. काकू ऐकून म्हणाल्या, "मला गाठीचं काही कळत नाही. पण तुम्ही चार दिवस दिव्याकडं बघत नव्हता, ते कळत होतं." आणि थोड्या वेळानं, "आता तिच्यामागं माफी मागत फिरू नका. तिला तिचा वेळ घेऊ द्या."

सून घरात बोलत होती. भाजी वाढू का, पंखा लावू का, एवढं. त्यापलीकडं नाही. पत्र तिनं अर्जाला जोडून पाठवून दिलं, ते काकांना काकूंकडून कळलं.

पुढच्या रविवारी नवी फळी आली, जाड आणि चांगल्या लाकडाची. सून म्हणाली, "मी खाली बसते. तुम्ही वरून बोल्ट धरा." ती फोमच्या खिंडारातून आत शिरली, कंबरेपर्यंत पेटीत, फक्त पाय बाहेर. काका डेकवर गुडघे टेकून बसले, पेचकस बोल्टच्या डोक्यात धरून. खालून पाना फिरल्याची करकर येत होती.

"ते पाणी," खालून तिचा आवाज आला. पेटीमुळं घुमलेला. "डेक धुतल्यावर यायचं ते."

"याच भोकांतून. झाकणाचा काही दोष नव्हता."

"मी लिहून ठेवलं होतं."

"ठेवलं होतंस."

पहिला बोल्ट, दुसरा, तिसरा. चौथ्याला पेचकस त्यांच्या हातात किंचित फिरला आणि थांबला. काकांनी खुंटीला हात लावून बघितला. पक्की वाटत होती. हलत नव्हती. पण गेल्या खेपेलाही ती हललेली नव्हती.

"वर घट्ट आहे का बाबा?"

हो, हा शब्द अगदी ओठाशी होता. एकतीस वर्षांच्या सवयीचा शब्द.

"वरून कळत नाही," ते म्हणाले. "तू खालून बघ. आणि बघून झालं की वर येऊन पुन्हा बघ."

मग पाना पुन्हा करकरला, अर्धा फेरा, आणि आणखी थोडा.